लहान ऑनलाइन व्यवसायाचा चालू खर्च कमी कसा करायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हाताने बांधलेल्या वह्या आणि डायऱ्या ऑनलाइन विकते. माणसं दोनच, मी आणि पॅकिंगला एक मदतनीस. नव्याने धंद्यात उतरलेली मंडळी भेटली की फिरून फिरून हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली. तुम्ही वह्यांऐवजी दागिने, खेळणी किंवा कपडे विकत असाल तरी हिशेबाची रीत तीच. फक्त डिजिटल वस्तू विकणाऱ्यांनी खोके, कुरिअर आणि स्टॉकचे प्रश्न ओलांडून पुढे जायला हरकत नाही.

पैसा येतोय, पण टिकत नाही. सुरुवात कुठून करू?

बँकेची आणि कार्डाची गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंट काढा. एका महिन्याचं पाहून भागत नाही. डोमेन (साइटचं नाव), थीम (साइटचं तयार रूप), प्लगइन (साइटला जोडलेली जास्तीची सोय), विमा असे वर्षातून एकदा जाणारे पैसे त्या महिन्यात असतीलच असं नाही. जमलं तर कागदावर छापा. स्क्रीनवर नजर रकमांवरून घसरत जाते. कागद समोर आणि हातात पेन असलं की एकेका ओळीला जाब विचारता येतो.

प्रत्येक ओळीपुढे एक खूण करायची. ऑर्डर आली काय, न आली काय, जाणारच त्या खर्चाला ‘ठ’, म्हणजे ठरलेला. ऑर्डर आली की जाणाऱ्या खर्चाला ‘ऑ’. आणि कशाचे गेले तेच आठवत नसेल तर प्रश्नचिन्ह.

पहिल्यांदा बसले तेव्हा माझ्या कागदांवर सात प्रश्नचिन्हं निघाली. एक होतं साइटवर सवलतीची चौकट उघडणाऱ्या प्लगइनचं. चौदा दिवस फुकट म्हणून घेतलं होतं. पुढे साइटची थीम बदलली, तेव्हा ते प्लगइन साइटवरून उडालंसुद्धा. पैसे मात्र दोन वर्षं दर महिन्याला इमानेइतबारे जात होते, कारण साइटवरून काढणं वेगळं आणि त्यांच्याकडचं खातं बंद करणं वेगळं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

प्रश्नचिन्हांपासून सुरुवात करा. तिथे विचार करावा लागत नाही, फक्त बंद करावं लागतं.

खर्च महिन्यावर मोजू की ऑर्डरवर?

दोन्ही मोजा, पण निर्णय घ्या ऑर्डरवर. ‘या महिन्यात कुरिअरला फार गेले’ या वाक्याला अर्थ नाही. ऑर्डरी दुप्पट आल्या असतील तर फार गेले हे चांगलंच झालं.

समजुतीसाठी विक्री १०० धरू. त्यातले कच्चा माल आणि मजुरी ४०, पॅकिंग ४, कुरिअर १२, पेमेंट गेटवे (ग्राहकाचे पैसे ऑनलाइन घेऊन देणारी सेवा) ३, जाहिरात २०, रिटर्नमध्ये बुडणारे ५. राहिले १६. या १६ मधून होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), सॉफ्टवेअर, जागा आणि तुमचा स्वतःचा पगार निघायचा असतो. आता कुरिअर १२ वरून ११ वर आलं तर? शंभरातला एक वाचला, पण हातात राहणारे १६ चे १७ झाले, म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त वाढ. तेवढीच वाढ विक्रीतून काढायची तर सोळा ऑर्डरींमागे एक नवी ऑर्डर मिळवावी लागेल. नवं गिऱ्हाईक शोधायला लागणारी मेहनत आणि खोका दोन बोटं लहान करायला लागणारी मेहनत यांची तुलना तुमची तुम्हीच करा.

तुमचे आकडे वेगळे असणार. एकदा मांडा आणि भिंतीवर चिकटवा. माझ्याकडे तो कागद पॅकिंगच्या टेबलासमोर आहे. टेप लावताना वाचायला दुसरं काही नसतं.

सबस्क्रिप्शनं फार झालीत. कुठली ठेवू, कुठली काढू?

‘हे कधीतरी लागेल का’ असं विचारू नका. कधीतरी सगळंच लागतं. ‘गेल्या तीस दिवसांत यात लॉगिन केलं का’ असं विचारा. नसेल केलं तर बंद. लागलं तर पुन्हा घेता येतं. तुमच्याकडून पुन्हा पैसे घ्यायला कुणी नाही म्हणत नाही.

बंद करण्याआधी आतला डेटा उतरवून घ्या. ग्राहकांची यादी, बिलं, डिझाइनच्या मूळ फाइली. काही सेवा खातं बंद झाल्यावर थोडेच दिवस डेटा ठेवतात.

बंद करायला गेलात की अनेकदा मध्येच एक पान येतं: ‘जाऊ नका, तीन महिने निम्म्या दरात घ्या.’ खरोखर वापरत असाल तर घ्या, आणि तीन महिने संपायच्या आठवडाभर आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. वापरत नसाल तर निम्मा दरही महागच.

वार्षिक की मासिक? नवी गोष्ट नेहमी मासिक. वर्षभर सलग वापरून झाली आणि तिच्याशिवाय काम अडतं अशी खात्री पटली की मगच वार्षिक. वार्षिक सवलतीच्या मोहात पडून मी दोनदा अशी साधनं घेतली आहेत, जी तिसऱ्या महिन्यात उघडलीही नाहीत.

माणशी पैसे घेणाऱ्या सेवांमध्ये माणसं मोजा. काम सोडून गेलेल्या मदतनिसाचं खातं चालू असणं ही हमखास सापडणारी गळती आहे. सुरक्षेच्या दृष्टीनेही ते वाईटच.

आणि एक सवय. धंद्याच्या सगळ्या सबस्क्रिप्शनांसाठी एकच वेगळं कार्ड ठेवा. घरखर्चाच्या कार्डावर ती मिसळली की सापडत नाहीत.

होस्टिंगचं बिल पहिल्या वर्षी नगण्य होतं, दुसऱ्या वर्षी भरमसाट आलं. फसवणूक आहे का?

फसवणूक नाही, आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार आहे. पहिल्या मुदतीचा दर मोठ्या अक्षरात असतो, रिन्यूअलचा खाली बारीक. होस्टिंग घेताना रिन्यूअलचा दरच खरा दर समजावा. बिल येऊन पडलं असेल तर पैसे भरण्याआधी त्यांच्या सपोर्टला विचारा. सोडून जायची तयारी दाखवली की पुष्कळदा दर खाली येतो.

त्याआधी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन तुम्ही खरंच किती जागा आणि किती डेटा वापरता ते बघा. लहान दुकानांना गरजेपेक्षा वरचा प्लॅन गळ्यात पडलेला असणं सर्रास आढळतं. ‘साइट हळू चालते, वरचा प्लॅन घ्या’ हा सल्ला मिळाला तर आधी फोटो तपासा. फोनने काढलेला चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो जसाच्या तसा चढवायचा आणि पानावर दाखवायचा आठशे पिक्सेलमध्ये, हे आपण सगळेच करतो. फोटो दिसायच्या मापाचे करा आणि वेबपी स्वरूपात साठवा. गूगलने हे स्वरूप २०१० मध्ये आणलं. तेवढ्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा त्याची फाइल साधारण पाव ते एक तृतीयांश लहान होते. आमच्या साइटचा वेग एवढ्यानेच सुधारला. प्लॅन तोच राहिला.

एसएसएल प्रमाणपत्राचे (साइटचा पत्ता https ने सुरू होतो तो याच्यामुळे) वेगळे पैसे जात असतील तर थांबा. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ च्या अखेरीपासून ती फुकट देते आणि बहुतेक होस्टिंगवर एका क्लिकमध्ये बसते. साध्या दुकानाला तेवढं पुरतं.

डोमेनवर काही वाचवता येईल का?

थोडंसं. लागत नसलेली जास्तीची डोमेन सोडून द्या. तीन-तीन स्पेलिंगची नावं उत्साहात घेतलेली असतात. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, हलवता येतं आणि डॉट कॉमच्या बाबतीत हलवताना भरलेल्या पैशात वर्षभराची मुदत वाढून मिळते, त्यामुळे ते पैसे वाया जात नाहीत. नवीन नोंदवलेलं डोमेन मात्र पहिले साठ दिवस हलवता येत नाही.

मुख्य डोमेनच्या बाबतीत कंजुषी नको. ऑटो-रिन्यू चालू ठेवा आणि कार्डाची मुदत तपासा. डॉट कॉम संपलं की रजिस्ट्रारवर अवलंबून जास्तीत जास्त ४५ दिवस नेहमीच्या दरात सोडवायला मिळतात. त्यानंतरचे ३० दिवस सोडवता येतं, पण मोठा भुर्दंड भरून. मग पाच दिवसांनी ते कुणालाही घ्यायला मोकळं. आणि तोवर साइट आणि मेल दोन्ही बंद.

फुकट सॉफ्टवेअरवर धंदा चालतो का?

चालतो. पत्रं-हिशेबाला लिबरऑफिस, फोटोला गिंप, लेबलं आणि लोगोला इंकस्केप, दुकानाला वर्डप्रेसवरचं वूकॉमर्स. मी यातलं बरंचसं वापरते.

पण दुकानाच्या बाबतीत ‘फुकट’ हा शब्द जपून ऐका. वूकॉमर्स स्वतः फुकट आहे. होस्टिंग, काही प्लगइन, अपडेटनंतर काहीतरी मोडलं की दुरुस्ती, यांचे पैसे किंवा तास तुमचेच. तयार दुकानसेवेत महिन्याला ठरावीक रक्कम जाते, पण रात्री साइट पडली तर जागं कुणीतरी दुसरं राहतं. तांत्रिक गोष्टींत हात चालत असेल तर पहिलं, नसेल तर दुसरं. आणि दोन्हीकडे जाऊन-येऊन करू नका. दुकान हलवण्याचा खर्च वर्षभराच्या फरकाहून जास्त निघतो.

एकूणात, सॉफ्टवेअरवर वाचवणं म्हणजे दात कोरून पोट भरणं. प्रश्नचिन्हं संपली की तिथे फार काही राहत नाही. खरा पैसा पुढच्या प्रश्नांत आहे.

पेमेंट गेटवेचं कमिशन कमी होतं का?

होतं, पण आधी त्याचं गणित समजून घ्या. बऱ्याच ठिकाणी टक्केवारी असते आणि वर दर व्यवहाराला ठरावीक रक्कम. समजा २ टक्के आणि वर ३. ऑर्डर १०० ची असेल तर ५ गेले, म्हणजे पाच टक्के. ऑर्डर १००० ची असेल तर २३ गेले, म्हणजे २.३ टक्के. लहान ऑर्डरींना ठरावीक रक्कम खाते.

म्हणून स्वस्तातल्या वस्तू सुट्या विकू नका. आम्ही खिशात मावणारी वही एकेकटी विकायचो. आता तीनचा संच आहे. कमिशन, खोका, लेबल, टेप, कुरिअर, सगळंच तीन वह्यांत विभागलं गेलं. काही गिऱ्हाइकांनी एकच हवी म्हणून कुरकुर केली, पण एक वही पाठवून आम्हाला काही मिळतच नव्हतं.

रिफंड दिला तरी बऱ्याच गेटवेंकडून मूळ व्यवहाराचं कमिशन परत मिळत नाही. तुमच्या करारात काय आहे ते वाचा. ऑर्डर चुकून दोनदा पडली असेल तर पैसे जमा होण्याआधी रद्द करता येते का, हेही पाहा; पुष्कळ ठिकाणी त्याला रिफंडपेक्षा कमी पडतं.

चार्जबॅक, म्हणजे ग्राहकाने बँकेकडे केलेली तक्रार, याचा वेगळा दंड बसतो. यातल्या काही तक्रारींचं कारण अगदी साधं असतं: कार्डाच्या स्टेटमेंटवर तुमच्या दुकानाचं नाव दिसत नाही, नोंदणीतलं भलतंच नाव दिसतं, आणि माणसाला वाटतं चोरी झाली. गेटवेच्या सेटिंगमध्ये ते नाव बदलता येतं. आजच बदला.

कुरिअरचे दर वाढतच चाललेत. त्यावर आपला काय ताबा?

दरावर थोडा, मापावर पुष्कळ.

कुरिअरवाले खरं वजन आणि वॉल्युमेट्रिक वजन यातलं जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५००० ने भागायचं. आलेला आकडा किलो. भाजक कंपनीगणिक वेगळा असू शकतो, तुमच्या करारात पाहा. त्यावर अनेक कंपन्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने वर नेतात.

आमचंच सांगते. दोन डायऱ्यांच्या ऑर्डरीला आम्ही ३० × २५ × २० चा खोका वापरायचो, कारण तो घाऊकमध्ये मिळाला होता. गुणाकार १५०००, भागिले ५०००, बरोबर ३ किलो. डायऱ्या, कागद, खोका मिळून खरं वजन ९०० ग्रॅम. राहिलेल्या जागेत बबल रॅप कोंबायचो, म्हणजे हवा पाठवायला पैसे आणि हवा भरायलाही पैसे. एका दुपारी मदतनिसाने फूटपट्टी घेतली, डायऱ्या एकावर एक ठेवल्या आणि म्हणाली, “ताई, हे २४ बाय १८ बाय ८ मध्ये बसतंय की.” गुणाकार ३४५६, म्हणजे ७०० ग्रॅमच्या आत. आता पैसे खऱ्या वजनाचे लागतात, तीन किलोऐवजी एका किलोच्या टप्प्यात. तो लहान खोका नगाला थोडा महाग पडला, पण बबल रॅप जवळजवळ बंद झाला. जुन्या खोक्यांचा गठ्ठा मात्र अजून कोपऱ्यात पडून आहे.

तुमच्या गेल्या पन्नास ऑर्डरी काढा आणि कुठल्या वस्तू एकत्र जातात ते पाहा. बहुतेक दुकानांचं काम तीन मापांत भागतं. दहा मापं ठेवलीत तर ती साठवायला जागा आणि निवडायला वेळ जातो. एकच ठेवलंत तर हवा पाठवत बसाल. खोका फुगू देऊ नका, कारण मापणारं यंत्र फुगवट्यापासून मोजतं. मऊ वस्तू असतील, कपडे वगैरे, तर खोका हवाच कशाला? पिशवी पुरते.

बिल आल्यावर त्यातलं वजन तुमच्या वजनाशी ताडून पाहा. पॅकिंगच्या टेबलावर काटा ठेवा आणि रवाना होण्याआधी काट्यावरच्या खोक्याचा फोटो काढा. एका कुरिअरने तीन महिने आमची काही पार्सलं वरच्या टप्प्यात धरली होती. फोटो होते म्हणून फरक परत मिळाला. फोटो नसते तर नुसता वाद झाला असता.

पत्ता चुकल्यामुळे परत येणारं पार्सल दुप्पट खातं. चेकआउटवर फोन नंबर सक्तीचा करा आणि अर्धवट पत्ता दिसला की पाठवण्याआधी विचारा. दोन मिनिटं जातात.

मोफत डिलिव्हरी बंद करू का?

एकदम नको. सरसकट मोफत डिलिव्हरी असेल तर तिला किमान रकमेची अट घाला. अट किती ठेवायची? तुमच्या ऑर्डरींची मधली रक्कम काढा, म्हणजे सगळ्या ऑर्डरी चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारी. अट तिच्या थोडी वर ठेवा. सरासरी वापरू नका. दोन-चार मोठ्या ऑर्डरी तिला उगाच वर ओढतात. अट पोहोचण्यासारखी दिसली की माणूस एखादी वस्तू वाढवतो. फार उंच असली की कार्ट सोडून जातो.

रिटर्न कमी कसे होतील?

कारण लिहून ठेवल्याशिवाय होणार नाहीत. परत आलेल्या प्रत्येक वस्तूपुढे एका शब्दात कारण लिहा: माप, रंग, तुटलं, उशीर, मन बदललं. पन्नास नोंदी झाल्या की चित्र दिसतं.

आमच्याकडे ‘माप’ सगळ्यात वर निघालं. याचं मला नवल वाटलं, कारण पानावर ‘ए५’ असं ठळक लिहिलेलं होतं. मग कळलं की कागदाच्या धंद्याबाहेर ए५ म्हणजे काय हे फारसं कुणाला माहीत नसतं. १४८ × २१० मिलिमीटर असं लिहूनही फार फरक पडला नाही, कारण मिलिमीटर वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. शेवटी वही हातात धरलेला फोटो टाकला, शेजारी साधं बॉलपेन. त्यानंतर मापाची तक्रार क्वचितच आली. फुकटात झालेलं काम.

‘तुटलं’ जास्त असेल तर पॅकिंग बघा. बंद केलेला खोका कमरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर पाडा. आत काय होतं ते उघडून पाहा. मन बदललं म्हणून येणारे रिटर्न येणारच, त्यांच्यामागे लागू नका.

जाहिरातीचा खर्च निम्मा केला तर विक्री निम्मी होईल का?

बहुधा नाही. पण काय निम्मं करायचं ते महत्त्वाचं.

गूगल अ‍ॅड्स वापरत असाल तर आधी सेटिंग उघडा. सर्च मोहिमेत डिस्प्ले नेटवर्क (इतर साइटींवर जाहिराती दाखवणारं जाळं) जोडण्याची खूण आधीच केलेली असू शकते, ती काढा. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये ‘त्या भागात असलेले किंवा त्या भागात रस असलेले’ असा पर्याय आपोआप निवडलेला असतो. तुम्ही जिथे माल पाठवतच नाही तिथल्या क्लिकचे पैसे यातून जातात. ‘त्या भागात असलेले’ एवढंच ठेवा. आणि रोजचं बजेट हे ‘रोजचं’ नसतं: एखाद्या दिवशी दुप्पट खर्च होऊ शकतो, महिन्याचा हिशेब रोजच्या ३०.४ पटीत बसवतात. दुसऱ्या दिवशी आकडा पाहून घाबरून मोहीम बंद करणारे मी पाहिलेत.

मग ‘सर्च टर्म्स’चा अहवाल वाचा. लोकांनी खरोखर काय टाइप केलं ते तिथे दिसतं. आमच्या जाहिरातीवर ‘वही कशी बांधायची’ आणि ‘डायरीची पानं फुकट डाउनलोड’ असं शोधणारे येत होते. त्यांना वही विकत घ्यायचीच नव्हती, आणि चूक माझी होती. ‘कशी’, ‘फुकट’, ‘डाउनलोड’ असे शब्द नकारात्मक यादीत टाकले, म्हणजे ते शब्द शोधणाऱ्यांना जाहिरात दिसत नाही. ही यादी दर आठवड्याला दहा मिनिटं देऊन वाढवत राहायची.

रीटार्गेटिंग, म्हणजे एकदा येऊन गेलेल्याच्या मागे लागणारी जाहिरात, अहवालात नेहमी देखणी दिसते. त्यातले किती जण जाहिरातीशिवायही परत आले असते, हे अहवाल सांगत नाही. दोन आठवडे बंद ठेवून एकूण विक्रीकडे पाहा. माझं मत असं की लहान दुकानाने अहवालावर विश्वास ठेवण्यापेक्षा बंद करून बघावं. मात्र सणासुदीला किंवा सेल चालू असताना हा प्रयोग करू नका, काहीच कळणार नाही.

ईमेल पाठवायच्या सेवेचं बिल यादीबरोबर वाढतंय.

बऱ्याच सेवा यादीतल्या नावांवर पैसे घेतात, आणि काहींत तर सदस्यत्व सोडून गेलेली नावंही मोजली जातात. ती आधी काढा. सहा महिने एकही मेल न उघडलेल्यांना एक शेवटचा मेल पाठवा, ‘पुढे पाठवू का?’ उत्तर नाही आलं तर नाव खाली. उघडल्याची नोंद पूर्ण भरवशाची नसते, म्हणून क्लिक किंवा खरेदी केलेल्यांना हात लावू नका.

यादी लहान झाली की मेल पोहोचण्याचं प्रमाणही सुधारतं. जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या) सक्तीच्या केल्या, आणि जीमेलने स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं. जीमेलच्या लेखी ‘मोठी संख्या’ म्हणजे दिवसाला ५०००. तुम्ही त्यात नसाल तरी त्या नोंदी करून टाका, डोमेनच्या पॅनेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे.

घाऊक घेतलं की स्वस्त पडतं. मग भरपूर स्टॉक का नको?

कारण स्टॉक म्हणजे कोपऱ्यात अडकलेला पैसा. जागा लागते, दमट हवेत कागद खराब होतो, रंगाची फॅशन जाते. (ते जुने खोके आठवा.)

किती मागवायचं याचं एक जुनं सूत्र आहे, फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेलं. वर्षाची गरज घ्या, तिला एकदा माल मागवण्याच्या खर्चाने गुणा, दोनने गुणा, एक नग वर्षभर सांभाळण्याच्या खर्चाने भागा आणि वर्गमूळ काढा. समजा वर्षाला १२०० नग लागतात आणि एकदा मागवण्याचा खर्च हा एक नग वर्षभर सांभाळण्याच्या सहापट आहे. १२०० × ६ × २ म्हणजे १४४००. वर्गमूळ १२०. म्हणजे वर्षातून दहा वेळा १२० नग. घाऊक सवलत या सूत्रात धरलेली नाही, आणि मागणी सारखी असल्याचं ते गृहीत धरतं. तरी ‘एकदम पाचशे घेऊन टाकू’ या उत्साहाला वेसण घालायला पुरेसं आहे.

न खपणारा माल वर्षातून एकदा मूळ किमतीत काढून टाका. मनाला लागतं, पण जागा मोकळी होते.

स्वतःच्या वेळेचा हिशेब धरायचा का?

धरायचा. तासाला ठरावीक दर लावा, स्वतःला पगार मिळत नसला तरी. आम्हाला रोज येणाऱ्या चौकशा एक महिना मोजल्या तर निम्म्याहून अधिक एकाच प्रकारच्या निघाल्या: पार्सल कुठे पोहोचलं? ट्रॅकिंगची लिंक आपोआप जायला लागल्यावर रोजचा पाऊण तास वाचला. असे तास सापडले की मगच ‘अजून एक माणूस ठेवावा का’ हा प्रश्न विचारा.

कुठे कात्री लावू नये?

बॅकअप, आणि तो होस्टिंगच्या बाहेर ठेवलेला. हिशेब पाहणारा जाणकार माणूस. पासवर्डची शिस्त. मालाचा दर्जा. वहीची शिलाई चार टाक्यांऐवजी तीनवर आणून मी एकदा दोरा वाचवला होता. त्या महिन्यातल्या वह्यांची पानं सुटायला लागली आणि बदली वह्या पाठवण्यात दोऱ्याच्या कित्येक पट गेले.

पुरवठादाराशी दराबद्दल बोलायला संकोच वाटतो. काय लिहू?

लहान असल्याचं लपवू नका आणि रडगाणंही नको. आकडे द्या, एकच मागणी करा, तारीख घाला. मी कुरिअरला पाठवलेला मजकूर असा होता:

“नमस्कार. गेल्या सहा महिन्यांत आम्ही तुमच्यामार्फत ७४० पार्सलं पाठवली, त्यातली बहुतेक एका किलोच्या आतली. पुढच्या महिन्यापासून आमच्या खोक्यांची मापं ठरावीक तीनच असतील. एक किलोपर्यंतच्या टप्प्याचा दर कमी करता येईल का? दुसऱ्या दोन ठिकाणांहून दर मागवले आहेत. १५ तारखेपर्यंत कळवलंत तर तुमच्याकडेच राहायला आवडेल.”

उत्तर नवव्या दिवशी आलं. मागितलं होतं त्याच्या निम्मंच उतरवलं, पण पिकअपचे वेगळे पैसे माफ केले. ते मी मागितलेच नव्हते.